थंडीचं पीक

पुण्यात १७ जानेवारी १९३५ या दिवशी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. नव्वद वर्षं उलटली, पण तो आकडा अजून मोडलेला नाही. मुंबईचा असा दिवस २२ जानेवारी १९६२ चा, त्या दिवशी तिथे ७.४ अंश नोंदले गेले. एरवी आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंश झाले की पेटीतले स्वेटर बाहेर येतात, कानटोप्या शोधल्या जातात आणि चहा एकाऐवजी दोनदा होतो. लडाखच्या माणसाला ही थंडी थंडीच वाटणार नाही. पण दख्खनच्या पठारावरच्या हिवाळ्याची खरी ओळख त्याच्या नीचांकात नाही. पहाटे दहा अंश आणि त्याच दिवशी दुपारी तीन वाजता अठ्ठावीस-तीस, ही त्याची ओळख. रात्रीचा गारठा आणि दिवसाचं लख्ख ऊन एकाच चोवीस तासांत मिळतं.

असं होतं कारण पाऊस परतला की हवेतली वाफ कमी होते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. हवेत दमटपणा आणि वर ढग असले की ती उष्णता अडते, काही भाग परत खाली येतो. कोरड्या, निरभ्र रात्री अडवायला कोणी नसतं. त्यात उत्तरेकडून गार, कोरडे वारे आले की जमीन भराभर निवते. मुंबई-रत्नागिरीकडे समुद्र जवळ असल्यामुळे हा फरक कमी राहतो. नाशिक, नगर, जळगाव, परभणी, नागपूर इथे तो अंगावर येतो.

हिवाळ्यातल्या छोट्या सुखांबद्दल बोलताना आपण ती थंडीवरचा उपाय असल्यासारखं बोलतो. गारठा आहे म्हणून शेकोटी, गारठा आहे म्हणून तीळ-गूळ. मला हे अर्धंच खरं वाटतं. यातली बरीच सुखं थंडीनेच घडवलेली आहेत. थंडी नसती तर ही चव, हा गोडवा तयारच झाला नसता. हुरडा घ्या.

हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचे कोवळे दाणे. ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काळ्या, खोल जमिनीत पेरतात. पुढे पाऊस जवळपास नसतोच. पावसाळ्यात जमिनीने मुरवून ठेवलेल्या ओलीवर हे पीक वाढतं. कणसात दाणा भरू लागला की आधी त्यात पांढरं दूध असतं, मग ते दाटून त्याचा चीक होतो, आणि शेवटी दाणा टणक बनतो. दुधाकडून टणकपणाकडे जाताना दाण्यातल्या साखरेचं हळूहळू पिठूळ स्टार्चमध्ये रूपांतर होत असतं. या प्रवासात मधे थोडेच दिवस असे येतात, जेव्हा दाणा भरलेला असतो पण साखर अजून संपलेली नसते. नखाने दाबला तर दबतो, फुटून वाहत नाही. हा हुरडा. पेरणीपासून साधारण नव्वद-शंभर दिवसांनी तो येतो. एका शेतात एका वाणाचा हुरडा आठ-दहा दिवसच चांगला लागतो. हवा तापली की दाणा लवकर पक्व होतो आणि हे दिवस आणखी कमी होतात. थंडी दाण्याला घाई करू देत नाही, म्हणून आपल्या वाट्याला गोडवा येतो.

सगळ्या ज्वारीचा हुरडा सारखा होत नाही. मंगळवेढा-सोलापूरकडची प्रसिद्ध मालदांडी भाकरीची राणी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हुरड्यासाठी मात्र जुने शेतकरी बांधाकडेला चार तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, वेगळे राखायचे: गूळभेंडी, सुरती, कुचकुची. या वाणांचं बोंड सैल असतं, त्यामुळे भाजल्यावर दाणा तळहातावर सहज सुटतो, आणि गोडीही जास्त असते. घरच्या आणि पाहुण्यांच्या जिभेसाठी म्हणून हे वाण पिढ्यान्पिढ्या जपले गेले. त्यांच्यापासून धान्याचं उत्पन्न फारसं मिळत नव्हतं, तरी जपले गेले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे खास हुरड्यासाठी 'फुले मधुर' हा वाण दिला आणि हुरड्याच्या शेतीला जोड मिळाली.

भाजण्याची रीतही नेमकी आहे. जमिनीत छोटा खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात. याला आगटी म्हणतात. ज्वाळा शमल्या, नुसता लाल विस्तव राहिला, की कणसं त्यात खुपसायची. ज्वाळेवर धरली तर वरून करपतात आणि आत कच्ची राहतात. गोवरीचा विस्तव मंद असतो आणि बराच वेळ एकसारखी धग देतो, त्यामुळे दाणा आपल्याच ओलाव्यावर शिजतो. गरम कणीस दोन्ही तळव्यांत चोळायचं, फोलपट फुंकून उडवायचं आणि दाणे पाहुण्याच्या हातावर द्यायचे. सोबत लसणाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, गुळाचा खडा, बोरं, उसाची कांडकी. चोळणाऱ्याचे तळवे काळे होतात आणि भाजतातही, म्हणून हुरडा खाऊ घालणं हे खऱ्या अर्थाने आदरातिथ्य आहे. कोणीतरी तुमच्यासाठी हात भाजून घेत असतं. ज्वारीच्या आधी-मागे हरभरा आणि गहूही असेच खातात. हरभऱ्याचे घाटे डहाळ्यासकट भाजले की हावळा, गव्हाच्या ओल्या लोंब्या भाजल्या की ओंबी.

हरभरा आणि थंडी यांचं नातं तर याहून जवळचं आहे. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि त्या लवेतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल पाझरत असतं. म्हणून पाला आंबट लागतो, आणि म्हणून सकाळी ओल्या शेतातून चालणाऱ्याचे पाय चुरचुरतात. पूर्वी रात्री पिकावर पातळ धोतराचं फडकं पसरून ठेवायचे. पहाटेच्या दवात पानांवरचं आम्ल विरघळून फडक्यात उतरायचं, ते पिळून बाटलीत भरायचे. ही हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर, अजीर्णावर घरोघरी ती ठेवलेली असे. दव पडायला गार रात्र आणि स्वच्छ आकाश लागतं. ढगाळ रात्री फडकं कोरडंच राहतं.

याच दवावर रायगडचा वाल वाढतो. भात कापून झाला की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल टाकतात आणि पुढे त्याला आधार असतो तो दवाचा. डिसेंबरनंतर शेंगा भरल्या की अलिबाग, पेण, रोहा या बाजूला पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हवी तर मसाला चोळलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा भांबुर्डीचा पाला गच्च दाबून बसवलेला. हे मडकं शेतात उपडं ठेवून चहूबाजूंनी पेंढा, गवत, काटक्या रचून पेटवतात. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांचाच ओलावा वाफ होऊन कोंडतो आणि सगळं त्यावर शिजतं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारून बघतात, चर्र आवाज करत पाणी उडालं की पोपटी झाली. भांबुर्डी हे रानात आपोआप उगवणारं, उग्र वासाचं झुडूप. एरवी तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण तिच्याशिवाय पोपटीला पोपटीचा वास येत नाही.

खानदेशात हीच आग वांग्याखाली जाते. जळगावची भरिताची वांगी फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, मोठी आणि कमी बियांची. त्यांनाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं. कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, म्हणजे पऱ्हाटीच्या, किंवा तुराट्यांच्या जाळावर ती भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात ठेचायची, त्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालायचे आणि वरून तेलाची फोडणी द्यायची. सोबत कळण्याची भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं, पण पऱ्हाटीच्या धुराची चव त्यात येत नाही. विदर्भात याच दिवसांत तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडतात आणि ओल्या दाण्यांची आमटी होते.

या सगळ्यात आग आहे, आणि आग उघड्यावर आहे. शेकोटीशी बसल्यावर छाती भाजते आणि पाठ गारच राहते, हे सर्वांनी अनुभवलेलं असतं. शेकोटी आजूबाजूची हवा फारशी तापवत नाही. तापलेली हवा वर निघून जाते. आपल्यापर्यंत येतात ते विस्तवाचे अवरक्त किरण, आणि ते सरळ रेषेत येतात. ज्याला विस्तव दिसतो त्यालाच ऊब मिळते. म्हणून माणसं गोल करून बसतात, मधूनमधून पाठ फिरवतात, नव्याने आलेल्याला सरकून जागा देतात. गोलात बसलं की प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो, आणि गप्पा आपोआप सुरू होतात. एक मात्र कळकळीने सांगायचं आहे. टायर, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड शेकोटीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो. आणि कोळशाची शेगडी दारं-खिडक्या बंद करून खोलीत ठेवून कधीही झोपू नका. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळण्याआधीच तो घात करतो. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात.

आता गोडाकडे. उसाची वाढ उबदार दिवसांत जोमाने होते आणि तयार झालेली साखर त्या वाढीतच खर्च होते. रात्री गार झाल्या की वाढ मंदावते, आणि पानांनी केलेली साखर कांड्यांत साठत जाते. साखर कारखान्यांचा उतारा डिसेंबर-जानेवारीनंतर चढतो तो यामुळे. कोल्हापूरकडची गुऱ्हाळंही तेव्हा रात्रंदिवस चालतात. चुलवाणावर मोठी काहील, तिच्यात उकळणारा रस, मळी वर आणण्यासाठी घातलेलं रानभेंडीचं चिकट पाणी, आणि पाक कधी उतरवायचा हे नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखणारा गुळव्या. थोडं आधी उतरवलं तर काकवी राहते, थोडं उशिरा उतरवलं तर गूळ काळा पडतो. गूळ हवेतला ओलावा चटकन ओढून घेतो, पावसाळ्यात ढेप पाझरू लागते. कोरड्या हवेत ती नीट बसते आणि टिकते. संक्रांतीची गुळाची पोळी चार-सहा दिवस खुसखुशीत राहते, त्यामागेही हीच कोरडी हवा आहे.

काटेरी हलव्याची गोष्ट याहूनही नाजूक. तीळ, खसखस किंवा साबुदाण्याचे दाणे परातीत मंद निखाऱ्यावर ठेवायचे, त्यांवर चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. पाकाचा प्रत्येक पातळ थर दाण्यावर सुकतो, त्यावर पुढचा थर, आणि हळूहळू काटे उभे राहतात. हवा गार आणि कोरडी असेल तर काटा लांब येतो, ढगाळ-दमट दिवशी दाणे गुळगुळीत राहतात किंवा एकमेकांना चिकटतात. एका वाटीभर हलव्याला काही दिवसांचं काम लागतं. नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घातले जाणारे हलव्याचे दागिने या कामावर उभे आहेत. आज बाजारात ते तयार मिळतात. पण घरात एखादी आजी अजून हलवा करत असेल, तर तिच्याजवळ बसून ते एकदा शिकून घ्यावं. वाचून हे येत नाही, पाक किती सोडायचा हे बोटांनाच कळावं लागतं.

नीराही थंडीचीच. ताडाचा किंवा शिंदीचा गोड रस रात्रभर मडक्यात ठिबकतो. त्यात हवेतलं यीस्ट शिरून तो आंबायला लागतो, पण पहाटेच्या गारव्यात हे काम फार मंद चालतं. म्हणून सूर्य वर येण्याआधी प्यायलेली नीरा गोड असते. उन्हं चढली की ती फसफसते आणि तिची ताडी होते. नागपुरी संत्र्याच्या सालीलाही नारिंगी रंग चढतो तो गार रात्रींमुळे, त्यांत सालीतलं हरितद्रव्य विरतं आणि खालचा रंग वर येतो.

तिळाबद्दल फार बोललं जातं, मी थोडक्यात आटोपतो. तिळाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेल असतं आणि कॅल्शियम भरपूर असतं. भोगीच्या दिवशी बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, आणि हरभरा, पावटा, गाजर, वांगं, बोरं यांची मिसळलेली भाजी खाण्यात पोषणही आहे आणि त्या आठवड्यात शेतात जे जे आहे ते सगळं एका ताटात घेण्याचा आनंदही.

मन प्रसन्न होण्याचं आणखी एक कारण फुकट मिळतं, ते म्हणजे ऊन. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचा संबंध प्रकाश कमी होण्याशी आहे. ऑस्लोत डिसेंबरअखेरचा दिवस सहा तासांचाही नसतो, लंडनमध्ये तो आठ तासांच्या आत असतो. पुण्यातला वर्षातला सर्वांत लहान दिवस मात्र सुमारे अकरा तासांचा. आपल्या हिवाळ्यात अंधार नाही. उलट पावसाळ्यातल्या महिनोन्महिने ढगाळलेल्या आकाशानंतर तो सर्वांत उजळ ऋतू आहे. सकाळच्या प्रकाशाने शरीरातलं घड्याळ जागेवर येतं, झोप सुधारते. ओसरीवर, गच्चीवर सकाळी ऊन खात बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे कोणी शिकवलं नव्हतं. एक दुरुस्ती मात्र हवी. कोवळ्या उन्हातून 'ड' जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. त्यासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य खाली असताना हवेतच शोषले जातात. डिसेंबरातही पुण्यात भर दुपारी सूर्य ४८ अंश उंचीवर असतो, तेव्हा ते पुरेसे मिळतात. म्हणून मनासाठी सकाळचं ऊन आणि हाडांसाठी दुपारचं थोडं. परदेशात उत्तरेकडे राहणाऱ्या मराठी घरांनी तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडायचा नेम सोडू नये, कारण कामावरून निघेपर्यंत तिथे रात्र झालेली असते.

रात्री पांघरायला गोधडी. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवलेली. ऊब कापडापेक्षा थरांमधल्या अडकलेल्या हवेची असते, कारण स्थिर हवेतून उष्णता फार कमी वाहते. घोंगडीचं तंत्र वेगळं. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी हवेतला बराच ओलावा शोषून घेते तरी ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. दवात, उघड्या माळावर मेंढरांसोबत झोपणाऱ्या धनगरांनी ती निवडली यात त्यांची पारख दिसते. दख्खनी लोकरीला आज भाव मिळत नाही आणि कातरलेली लोकर वाया जाते, हे मला फार लागतं. घरात एक घोंगडी असावी.

थंड रात्री आवाजही दूरवर जातात. जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असली की वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो. एरवी न ऐकू येणारी रेल्वेची शिटी, पलीकडच्या गावातलं भजन पहाटे स्पष्ट ऐकू येतं. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरचा. पूर्वी तो रात्र-रात्र चालायचा, शाली पांघरून लोक पहाटेच्या रागांची वाट बघायचे. ध्वनिनियमांमुळे आता रात्री थांबावं लागतं, आणि पहाटेचे राग पहाटे ऐकण्याचं ते सुख बरंचसं गेलं.

थंडी सगळ्यांनाच सुख देत नाही, हेही इथेच सांगायला हवं. निफाडचं नाव दर हिवाळ्यात बातम्यांत येतं. तिथल्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रात राज्यातल्या नीचांकी तापमानांपैकी बरीच नोंदली जातात. तोच तालुका द्राक्षांचा. पारा फार खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते, कधी मण्यांना तडे जातात. बागायतदार मध्यरात्री उठून ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात, धूर करतात, पहाटे पाणी सोडतात. आपण ज्या गारठ्याचं कौतुक करतो त्यात कोणीतरी वर्षभराच्या कमाईसाठी जागत असतं. त्याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेलं. हिमालय ओलांडून आलेली पाहुणी बदकं तिथे आपल्या या 'कडाक्याच्या' थंडीत उबेला राहतात.

शेवटी पुन्हा हुरड्याकडे. त्याचे दिवस डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर, काही भागात फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. मोठ्या रस्त्यांवर सजवलेली हुरडा केंद्रं खूप आहेत. पण जमलं तर ज्याच्या स्वतःच्या शेतात गूळभेंडी किंवा सुरती आहे अशा शेतकऱ्याकडे जा, वाणाचं नाव विचारा, आणि योग्य पैसे द्या. घेणारे असतील तरच पुढच्या वर्षी बांधाकडेचे ते चार तास पेरले जातील.